बोस्टनहून आलेली तीन जोडपी

1831 साली मुंबईहून अहमदनगरला जायचे, तर सरधोपट वाट पनवेलवरून होती. मचवा भरती साधून खाडीत शिरायचा. वेळ चुकली की गाळात रुतून पुढच्या पाण्याची वाट पाहायची. पनवेलपुढे बोरघाट. मुंबईचे गव्हर्नर माल्कमसाहेब यांच्या कारकिर्दीत तिथला गाडीरस्ता नोव्हेंबर 1830 मध्ये खुला झाला होता. तोवर सामान बैलांच्या पाठीवर आणि साहेबलोक पालखीत किंवा घोड्यावर.

20 डिसेंबर 1831 ला अमेरिकन मिशनचे अहमदनगर ठाणे सुरू झाले. ॲलन ग्रेव्हज 1818 पासून मुंबईत असल्यामुळे मुरलेले; विल्यम हर्वे आणि हॉलिस रीड मात्र नवखे. ही मंडळी पनवेलवरूनच घाट चढली असावीत, हा रुळलेल्या वाटेवरून काढलेला तर्क आहे. त्यांच्या तारखा मात्र मिशनच्या छापील कागदांत आहेत, आणि त्या एका ओळीत मांडल्या की नवख्यांचे इथे कसे निभले ते कळते.

हर्वे, रीड आणि विल्यम रॅम्सी हे तिघे सपत्नीक ऑगस्ट 1830 मध्ये बोस्टनहून निघाले आणि 7 मार्च 1831 ला मुंबईला पोचले. पुढ्यात उन्हाळा. 3 मे रोजी हर्वेबाई गेल्या, म्हणजे दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. ती बातमी माहेरी पोचायला कित्येक महिने लागले असणार. तोवर तिकडून त्यांच्या नावाने पत्रे निघतच असतील. विधुर हर्वे नगरला गेले आणि 13 मे 1832 ला पटकीने वारले. जून 1834 मध्ये रॅम्सीबाई वारल्या आणि रॅम्सी परतले. 1835 मध्ये रीड दांपत्यही निघाले. पाच वर्षांच्या आत तिन्ही घरे उठली.

या कागदांत बायका बहुधा ‘मिसेस’ एवढ्याच उरतात. बाजारहाट कोण करी, आजारात उशाशी कोण बसे, नोकरांशी पहिले मराठी वाक्य कोणी कोणते बोलले, हे अहवालाच्या दृष्टीने किरकोळ. मला तर मुख्य मजकूर तोच वाटतो.

एका इथल्या माणसाची नोंद मात्र भरभरून आहे: ब्राह्मण असलेले आणि 1831 मध्ये ख्रिस्ती झालेले बाबाजी. नगरमधल्या लुळ्यापांगळ्या, आंधळ्या लोकांच्या आश्रमात ते उपदेश करत. एप्रिल 1833 मध्ये तेही पटकीनेच गेले. रीड यांनी मायदेशी जाऊन 1836 मध्ये त्यांचे दोन भागांतले चरित्र छापले. परक्या मुलखातल्या वर्षांचा जमाखर्च मांडताना त्यांना स्वतःपेक्षा बाबाजींवर लिहावेसे वाटले, हे विचार करण्यासारखे आहे.

रीड गेले त्याच 1835 साली, ऑक्टोबरात, हेन्री आणि एलिझाबेथ बॅलंटाइन मुंबईला उतरले आणि नगरला स्थिरावले. हे जोडपे टिकले. ती माणसे अधिक काटक होती असे ठरवायला आधार नाही. फरक मांडलेल्या संसाराचा असावा: 1833 पासून नगरला ख्रिस्ती मंडळी (चर्च) उभी होती, आणि पहिली तुकडी जे जीव देऊन शिकली ते यांना आयते मिळाले. बॅलंटाइन यांनी पुढे मराठीत ख्रिस्ती पदे रचली. 1865 मध्ये मायदेशी परतताना ते समुद्रावरच वारले.