विहिरीचा फोटो

छायाचित्रणाचा नाद मला लागला तो चाळिशी उलटल्यावर. त्याला कारण झाली एक विहीर. आणि तीही बुजलेली.

माझ्या एका कादंबरीत मुलुंडच्या आमच्या चाळीचे वर्णन आहे. चाळीपुढे विहीर, विहिरीवर पारिजातक, आणि पहाटे फुलांच्या सड्यात उभी राहून पाणी शेंदणारी आई, असा तो प्रसंग. पुष्कळांनी तो वाखाणला. आत्याने मात्र पुस्तक मिटले आणि ती म्हणाली, "अरे, विहीर मागच्या अंगाला होती. आणि पारिजातक कसला? शेवगा होता तो!"

मी वाद घातला. पण पुरावा कुठून आणणार? चाळीच्या जागी सात मजली इमारत उभी आहे, विहिरीच्या जागी मोटारी. आमच्या घरी कॅमेरा यायचा तो लग्नामुंजीला. विहिरीचा फोटो कोण काढतो?

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तिचा एकच फोटो आहे, स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजे. पण माझ्या मनातली आई ती नव्हे. ती विहिरीवरची, हिरव्या साडीतली. आता झाडच चुकले असेल, तर साडीचा हिरवा रंग तरी खरा कशावरून? त्या रात्री मला झोप आली नाही.

महिन्याभरात मी एक जुना, कोणीतरी वापरलेला कॅमेरा घेतला, आणि मास्तरांच्या सवयीप्रमाणे आधी पुस्तके उघडली. हा नाद मुंबईला पहिल्यांदा कोणाला लागला, आणि का, ते पाहू म्हटले.

दागेरच्या शोधाची पॅरिसमध्ये घोषणा झाली 1839 साली. पुढे पंधराच वर्षांनी, 1854 मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या कार्यकारी मंडळात डॉ. नारायण दाजी होते. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. भाऊ दाजी लाडांचे हे बंधू. 1855 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला.

त्या काळी हे काम मोठे खटाटोपाचे. काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच धुवायचे. बाहेर जायचे तर अंधारी खोलीसुद्धा तंबूच्या रूपाने बरोबर न्यायची. एवढे सारे एक डॉक्टर माणूस हौसेने करीत होता!

कंपनी सरकारचे कारण निराळे. लेण्यांची नि जुन्या इमारतींची चित्रे हाताने काढण्यात वर्षे जात, पैसा जाई. फोटो लवकर होई, आणि त्यात चित्रकाराच्या हाताची भर पडत नसे. म्हणून 1855 मध्ये कॅप्टन बिग्ज यांना विजापूरकडच्या इमारतींचे फोटो घेण्यासाठी नेमले गेले. 'हाताची भर' या विचाराशी मी अडखळलो. पारिजातक ही माझ्या हाताची भर होती.

मेजर गिल यांची हकीकत तर आपल्या अजिंठ्याचीच. 1844 पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून त्यांनी भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती केल्या. त्या विलायतेस गेल्या, आणि 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तीत बहुतेक भस्म झाल्या. पण चित्रकार असूनही गिल यांनी मध्यंतरी कॅमेरा हाती धरला होता. त्यांनी काढलेले लेण्यांचे फोटो फर्ग्युसनच्या पुस्तकांतून 1864 मध्येच छापून झाले होते. त्यांत अजिंठ्याचे रंग नाहीत. पण खांब कुठे, मूर्ती कुठे, हे ठाम आहे.

फोटो नेहमी खरेच बोलतो असे मी म्हणत नाही. आईच्या मागचे कारंजे कुठे खरे होते? पण कारंजे खोटे आहे हे त्या फोटोतच दिसते. पडद्याच्या सुरकुत्या दिसतात. माझ्या पारिजातकाला एकही सुरकुती नव्हती.

मुलुंड आणि बोरिवली 1957 साली बृहन्मुंबईत आली. तेव्हापासून उपनगरे बदलत आहेत, आणि आता तर डोळ्यांदेखत. रविवारी मी घाटकोपर, अंधेरी, बोरिवली असा हिंडतो. पुनर्विकासाची पाटी लागलेली चाळ दिसली की आत जातो. माणसे आधी केस नीट करतात; मी त्यांचा फोटो काढतोच, पण मग जिन्याचा, मोरीचा, कपडे वाळत घालायच्या दोरीचाही काढतो. ती हसतात. घरी आल्यावर प्रत्येक प्रतीच्या पाठीवर ठिकाण नि तारीख लिहून ठेवतो. उद्या कोणी कादंबरीकार भर घालू लागला, तर त्याला आत्या मिळेलच असे नाही.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आत्या वडिलांना ओवाळायला आली होती. तिला घेऊन मी चाळीच्या जागी गेलो. दोन मोटारींच्या मधे उभी राहून, काठी डाव्या हातात घेऊन, तिने उजव्या हाताचे बोट जमिनीकडे केले. "इथे," ती म्हणाली. मी फोटो काढला.

परत येताना मी भीत भीत विचारले, "आईची ती साडी हिरवीच होती का गं?"

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "होती रे. एक हिरवीही होती."

फोटोच्या पाठीवर मी ठिकाण आणि तारीख लिहिली; आणि खाली, कंसात, हेही लिहिले.