फ्लॅशबॅक

कथानकाचा चालू ओघ थांबवून त्याआधी घडून गेलेला प्रसंग मध्येच सांगण्याचे वा दाखविण्याचे तंत्र. कथा, कादंबरी, नाटक आणि चित्रपट ह्या सर्व कथनप्रधान कलाप्रकारांत ते आढळते. तंत्र प्राचीन असले, तरी त्याचे रूढ नाव अर्वाचीन आहे व ते चित्रपटाच्या व्यवसायातून आलेले आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकन चित्रपटव्यवसायात ‘कटबॅक’ व ‘फ्लॅशबॅक’ हे शब्द वापरात आले. एका दृश्यावरून आधीच्या दृश्याकडे झटकन परतणे एवढाच त्यांचा आरंभीचा अर्थ होता. ज्या दृश्याकडे परतावयाचे ते भूतकाळातील असलेच पाहिजे, असे नव्हते. पुढे ‘फ्लॅशबॅक’ हा शब्द गतकालीन प्रसंगापुरता मर्यादित झाला आणि तेथून तो साहित्यसमीक्षेत शिरला. मराठीत सिंहावलोकनासारखे जवळचे शब्द असले, तरी ह्या विशिष्ट तंत्राचा निर्देश मूळ इंग्रजी शब्दानेच सामान्यतः केला जातो.

हे तंत्र ओळखणे वरवर सोपे वाटते. पण गतकाळाचा प्रत्येक उल्लेख म्हणजे फ्लॅशबॅक नव्हे. घटना ज्या क्रमाने घडल्या तो क्रम आणि कलाकृतीत त्या ज्या क्रमाने मांडल्या जातात तो क्रम ह्यांतील भेद व्हिक्टर श्क्लोव्हस्की, बोरिस तोमाशेव्हस्की इ. रशियन रूपवादी समीक्षकांनी १९२० नंतरच्या दशकात स्पष्ट केला. त्या भेदाच्या आधारे फ्रेंच समीक्षक झेरार झनेत (१९३०–२०१८) ह्याने १९७२ मध्ये ‘ॲनालेप्सिस’ ही संज्ञा योजली व मुख्य कथेच्या प्रारंभापूर्वीचा भूतकाळ आणि मुख्य कथेच्या अंतर्गत असलेला भूतकाळ असे त्याचे प्रकार पाडले. ही मांडणी उपयुक्त आहे. तथापि केवळ क्रम तपासल्याने तंत्राचे कार्य कळत नाही. हा भूतकाळ कोणाला आठवतो, तो कोणाला सांगितला जातो आणि तो खरा मानावयास आधार कोणता, हे प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत. कादंबरी व चित्रपट ह्यांची वाट येथेच वेगळी होते.

ग्रीक महाकवी होमरच्या ‘ओडिसी’ह्या महाकाव्यात नववे ते बारावे सर्ग नायक ओडिस्यूसच्या तोंडी आहेत. फेशियन लोकांच्या राजाच्या दरबारात तो आपल्या भ्रमंतीची हकिकत स्वतः सांगतो. म्हणजे काव्यातील अत्यंत प्रसिद्ध अद्‌भुत प्रसंग वाचकास कवीकडून न मिळता एका कुशल, प्रसंगी खोटे बोलणाऱ्या माणसाकडून मिळतात. ह्याच काव्याच्या एकोणिसाव्या सर्गात वृद्ध दाई पाय धुताना नायकाला त्याच्या जुन्या व्रणावरून ओळखते आणि तो व्रण कसा झाला, ह्याची कथा मध्येच येते. जर्मन पंडित एरिख आउअरबाख (१८९२–१९५७) ह्याने ‘मिमेसिस’ (१९४६) ह्या ग्रंथात ह्या स्थळाची मार्मिक चर्चा केली आहे. त्याच्या मते ही उपकथा सुरू होताच तीच एकमेव वर्तमान बनते. मागचा प्रसंग तिच्या पाठीशी उभा राहत नाही. आउअरबाखने हे होमरबद्दल लिहिले असले, तरी चित्रपटातील फ्लॅशबॅकला ते विशेष लागू पडते.

भारतीय परंपरेत ह्या तंत्राची रूपे विपुल आहेत. पाली जातककथांच्या गद्यात वर्तमानातील प्रसंग, त्यावरून निघालेली पूर्वजन्मीची कथा आणि शेवटी ‘त्या वेळचा अमुक म्हणजे आजचा तमुक’ अशी ओळख पटवून देणारा समोधान हा भाग, अशी ठरीव रचना असते. येथे ओळख पटविणे हा कथनाचा रीतसर घटकच होय. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त (सातवे शतक) शूद्रक राजाच्या सभेत आणलेला पोपट आपली हकिकत सांगतो, तिच्या पोटात जाबाली ऋषीने सांगितलेली कथा येते आणि त्या कथेत महाश्वेता आपली कहाणी चंद्रापीडाला ऐकविते. अखेरीस ऐकणारा शूद्रक हाच पूर्वीचा चंद्रापीड असल्याचे उघड होते. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीत ह्या साहित्यप्रकाराचे नाव पडले, त्या ग्रंथाची उभारणीच अशी भूतकाळाच्या पोटात भूतकाळ ठेवून झालेली आहे, हे लक्षणीय आहे.

दृश्यकलेच्या दृष्टीने मात्र सर्वांत बोलका पुरावा विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीच्या (आठवे शतक) ‘उत्तररामचरिता’त सापडतो. पहिल्या अंकात लक्ष्मण राम-सीतेस त्यांच्याच गतायुष्याची चित्रे दाखवितो. शूर्पणखेचे चित्र दिसताच सीता घाबरते. जणू वियोग आताच ओढवणार आहे, असे तिला वाटते आणि हे केवळ चित्र आहे, असे रामाला सांगावे लागते. त्याच अंकात पुढे तिच्या त्यागाचा निर्णय होतो. चित्रात पाहिलेला भूतकाळ पाहणाऱ्याच्या दृष्टीने भूतकाळ राहत नाही, ही गोष्ट भवभूतीने चित्रपटाच्या जन्मापूर्वी अकराशेहून अधिक वर्षे आधी रंगभूमीवर आणली होती.

कादंबरीच्या हाती काळ दर्शविणारे एक साधन असते, ते म्हणजे क्रियापद. मराठी कादंबरी सामान्यतः भूतकाळात लिहिली जाते. ‘तो आला’ अशा वाक्यांतून कथा पुढे सरकते आणि आणखी मागे जावयाचे झाल्यास ‘तो आला होता’ असे रूप येते. चार-दोन वाक्यांनंतर लेखक हे ‘होता’ सोडून देतो व वाचक नकळत त्या मागच्या काळात वावरू लागतो. तरीही निवेदकाचा आवाज वाचकाच्या कानी पडत राहतो. एमिली ब्राँटीच्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये (१८४७) बहुतेक कथा नेली डीन ह्या मोलकरणीच्या तोंडून येते आणि तिच्या आवडीनिवडींचा रंग तिच्या प्रत्येक वाक्याला असतो. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) ह्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ ह्या कादंबरीत (१८९०–९३) यमू आपले सारे आयुष्य मागे वळून सांगते. येथे एखादा प्रसंग नव्हे, तर संपूर्ण ग्रंथच स्मरणरूप असल्याने त्यास फ्लॅशबॅक म्हणणे सयुक्तिक नाही; फ्लॅशबॅकला तोडण्यासाठी एक चालू वर्तमान लागते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त (१९३५) असे वर्तमान आहे. तेथील प्रकरणे ‘रात्र’ ह्या नावाने ओळखली जातात. आश्रमातील सोबत्यांपुढे श्याम बेचाळीस रात्री आपल्या बालपणाच्या आठवणी सांगतो आणि आईच्या मृत्यूची जाणीव त्या आठवणींना आरंभापासूनच व्यापून असते. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) बोटीवरील प्रवास हे वर्तमान असून उमेबरोबरच्या फसलेल्या प्रेमाची स्मृती त्यात अधूनमधून डोकावते. पाश्चात्त्य कादंबरीत मार्सेल प्रूस्त, व्हर्जिनिया वुल्फ व विल्यम फॉक्नर ह्यांनी स्मृतीचा हा प्रवेश मनाच्या संज्ञाप्रवाहाशी जोडला. फॉक्नरच्या ‘द साउंड अँड द फ्यूरी’त (१९२९) काळ बदलल्याची खूण म्हणून तिरप्या टाइपाचा वापर केला आहे.

चित्रपटाच्या पडद्याला ‘होता’ म्हणता येत नाही. तेथे जे दिसते ते दिसते त्या क्षणी घडत असते. त्यामुळे हे मागचे आहे, असे सांगण्यासाठी चित्रपटाला बाहेरून खुणा आणाव्या लागल्या. फेर्दिनां झेक्काच्या ‘इस्त्वार दं क्रीम’ (१९०१) ह्या फ्रेंच लघुपटात मृत्युदंडाचा कैदी कोठडीत झोपलेला असून त्याच्या वरच्या बाजूस उभारलेल्या दुसऱ्या नेपथ्यात त्याच्या पूर्वायुष्याची दृश्ये दिसतात. वर्तमान व भूत एकाच चौकटीत बसविल्याने घोटाळ्यास वाव राहत नाही. पुढे एक दृश्य विरत असता त्यावर दुसरे उमटत जाण्याची डिझॉल्व्हची रीत, चेहऱ्याचे समीपदृश्य, पाण्यासारखी थरथरणारी प्रतिमा, विशिष्ट संगीत असे संकेत रूढ झाले. प्रेक्षकांना ते कितपत समजतील, ह्याविषयी निर्माते साशंक असत. मार्सेल कार्नेच्या ‘ल झूर स लेव्ह’ (१९३९) ह्या चित्रपटात खून करून खोलीत कोंडून घेतलेला नायक रात्रभर मागचे आठवतो. ही रचना समजावी म्हणून चित्रपटाच्या आरंभी स्पष्टीकरणाचा मजकूर घालण्यात आला होता. ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) एका मृत धनाढ्याचे आयुष्य एक हस्तलिखित व चार व्यक्तींच्या आठवणी ह्यांतून उलगडते. केन व सुझन ह्यांची पहिली भेट लेलंडच्या आठवणीत दाखविली आहे, पण लेलंड त्या वेळी तेथे हजर नव्हता. ही विसंगती बहुतेक प्रेक्षकांच्या ध्यानातही येत नाही. पडद्यावरील दृश्याची सत्यता किती सहज गृहीत धरली जाते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

ह्या गृहीताला पहिला धक्का रोबेर्ट व्हीनेच्या ‘डॉ. कालिगारी’ (१९२०) ह्या जर्मन मूकपटाने दिला होता. कथा सांगणारा तरुण हा वेड्यांच्या इस्पितळातील रुग्ण आहे, असे त्यात अखेरीस उघड होते. खरा कस लागला तो १९५० मध्ये. त्या वर्षी ॲल्फ्रेड हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये प्रारंभीच एक पात्र आपली हकिकत सांगते, ती दृश्यरूपाने दाखविली जाते आणि शेवटी ती खोटी ठरते. अनेकांना ही प्रेक्षकांची फसवणूक वाटली. हिचकॉकनेही पुढे ही चूक असल्याचे मान्य केले. वास्तविक कादंबरीतील एखादे पात्र खोटे बोलले, तर त्याबद्दल कोणी कादंबरीकारास दोष देत नाही.

त्याच वर्षी आकिरा कुरोसावाच्या ‘राशोमोन’ ह्या जपानी चित्रपटाने हाच प्रश्न उलट बाजूने मांडला. त्याचा मुख्य आधार र्‌यूनोसुके आकुतागावा (१८९२–१९२७) ह्याची ‘याबु नो नाका’ (१९२२) ही कथा आहे. चित्रपटाचे नाव व वेशीची पार्श्वभूमी त्याच्या ‘राशोमोन’ (१९१५) ह्या दुसऱ्या कथेतून घेतली आहे. मूळ कथेत एका सामुराईच्या मृत्यूविषयीच्या सात जबान्या एकापाठोपाठ दिल्या आहेत. निवेदक नाही, निकालही नाही. वाचकापुढे असतात ते केवळ शब्द, आणि शब्द परस्परविरोधी असू शकतात, हे त्याला ठाऊक असते. कुरोसावाने ह्या जबान्या दृश्यरूपात आणल्या. दरोडेखोर, सामुराईची पत्नी, मांत्रिक स्त्रीच्या तोंडून बोलणारा मृत सामुराई आणि लाकूडतोड्या ह्या चौघांचे वृत्तांत त्याच रानात, तशाच पानांआडून झिरपणाऱ्या उन्हात घडतात. कोणत्याही वृत्तांताला खोटेपणाची वेगळी खूण दिलेली नाही. न्यायाधीश पडद्यावर एकदाही दिसत नाही. साक्षीदार थेट प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतात, म्हणजे निवाड्याचे आसन प्रेक्षकाला दिलेले आहे. लाकूडतोड्याची अखेरची साक्ष कथेत नाही, ती चित्रपटाने जोडलेली आहे. तिच्यामुळे आता सत्य कळले, असा भास होतो. पण त्याने खंजीर चोरल्याचे सूचित होताच तीही डळमळते. १९५१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ह्या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि फ्लॅशबॅक म्हणजे घटना नव्हे तर साक्ष, ही जाणीव जगभरच्या दिग्दर्शकांत रुजली.

त्यानंतर बाह्य खुणांची गरज कमी होत गेली. इंगमार बेरीमनच्या ‘स्मुल्ट्रॉनस्टॅलेट’मध्ये (१९५७) वृद्ध नायक आपल्या तारुण्यातील प्रसंगांत म्हातारपणीच्याच रूपात जाऊन उभा राहतो. आलँ रेनेच्या ‘हिरोशिमा मोनामूर’मध्ये (१९५९) झोपलेल्या जपानी प्रियकराचा हात पाहताच नायिकेच्या मृत जर्मन प्रियकराचा हात क्षणमात्र चमकून जातो, डिझॉल्व्ह नाही, स्पष्टीकरण नाही. क्रिस्टोफर नोलनच्या ‘मेमेंटो’त (२०००) रंगीत दृश्ये उलट क्रमाने व कृष्णधवल दृश्ये सरळ क्रमाने येतात, तेथे कोणता प्रसंग वर्तमान व कोणता भूत हे ठरविणे हेच प्रेक्षकाचे काम होऊन बसते.

हिंदी चित्रपटाने हे तंत्र लवकरच आत्मसात केले. गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) वृद्ध दिग्दर्शक जुन्या स्टुडिओत येतो व त्याचे गतवैभव पडद्यावर साकार होते. बिमल रॉय ह्यांच्या ‘मधुमती’त (१९५८) वादळी रात्री जुन्या हवेलीत आश्रय घेतलेल्या नायकाला आठवते ते मागच्या जन्मीचे. पाश्चात्त्य चित्रपटात स्मृतीला एका आयुष्याची मर्यादा बहुधा असते. येथे ती नाही, आणि ह्याचे मूळ जातककथा व ‘कादंबरी’ ह्यांच्या परंपरेत शोधणे अप्रस्तुत ठरणार नाही.

मराठीशी निगडित असे महत्त्वाचे उदाहरण म्हणजे श्याम बेनेगल ह्यांचा ‘भूमिका’ (१९७७) हा हिंदी चित्रपट. तो अभिनेत्री हंसा वाडकर ह्यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) ह्या आत्मकथनावर आधारलेला आहे. ह्या आत्मकथनाचे नाव त्यांची भूमिका असलेल्या, अनंत माने दिग्दर्शित गाजलेल्या मराठी चित्रपटावरून (१९५९) घेतलेले असून हंसाबाईंनी सांगितलेल्या आठवणींचे शब्दांकन अरुण साधू ह्यांनी केले. पुस्तकात सांगणारी स्त्री सतत समोर असते. काय सांगावे व काय गाळावे हे तिच्या हाती असते. चित्रपटात नायिकेचे नाव बदलले आहे व तिची भूमिका स्मिता पाटील ह्यांनी केली आहे. वर्तमानातील प्रसंग रंगीत असून कोकणातील बालपणाची दृश्ये कृष्णधवल आहेत. छायालेखक गोविंद निहलानी ह्यांनी निरनिराळ्या कालखंडांसाठी निरनिराळ्या छटा योजल्या. ही दृश्ये जुन्या चित्रपटांसारखी दिसतात. आपले जगणे आणि आपण केलेल्या भूमिका ह्यांची सरमिसळ झालेल्या एका नटीला स्वतःचा भूतकाळही जुन्या चित्रपटाच्याच रूपात आठवावा, हे त्यातून सूचित होते.