माझगावच्या टेकडीवर चित्रवह्या

मुंबईची सात बेटं आपण शाळेत पाठ केलेली असतात. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. यातलं माझगाव खेडच्या माणसाला सगळ्यात जवळचं. आगबोटीच्या काळात त्याचं मुंबईतलं पहिलं पाऊल पडायचं ते तिथल्याच बंदरकाठावर. पण माझगाव हे बेट होतं, असं कुणाच्या मनातही येत नाही. येणार तरी कसं? पाणी आता एकाच बाजूला उरलं आहे. मुंबई बेट आणि माझगाव यांच्यामधली उमरखाडी केव्हाच बुजली. खाडीचं पाणी ओलांडून आलेले लोक जिथं पाय धूत असत म्हणतात, ती पायधुणी आज दुकानांनी गजबजलेली आहे.

खेडही समुद्रकाठी नाही, तरी एके काळी ते बंदर होतं. भरतीच्या पाण्यावर होड्या जगबुडीतून खेडपर्यंत चढत आणि ओहोटीबरोबर खाली जात. जगबुडी वाशिष्ठीला मिळते, वाशिष्ठी दाभोळला समुद्र गाठते. दाभोळला आगबोटीत बसलं की पुढचा मुक्काम भाऊचा धक्का. पावसाळ्यात बोटी बंद असत, त्यामुळे चाकरमान्याची खबर, पैसा आणि स्वतः चाकरमानी यांची वाट पाहण्यात घरोघर चार महिने जायचे.

धक्क्याचे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिचंद्रजी अजिंक्य. कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात ते कारकून होते. 1841 साली त्यांनी उतारूंच्या सोयीसाठी धक्का बांधला. मूळ धक्का आणखी दक्षिणेला, कर्नाक बंदराच्या बाजूला होता. समुद्र हटवत बंदर वाढत गेलं, तसं नावही सरकत आजच्या जागी आलं. मुंबईत किती तरी लाटसाहेबांची नावं आली आणि पुसली गेली. या कारकुनाचं मात्र टिकलं. याच धक्क्यावरून 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. किनाऱ्यावरच्या गावांत तो दिवस अजून विसरलेला नाही.

माझगावचं नाव जगात आधी झालं ते गोदीमुळे नव्हे, आंब्यामुळे. थॉमस मूर या आयरिश कवीच्या 1817 सालच्या ‘लाला रुख’मध्ये माझगावच्या आंब्याचा उल्लेख आहे. रत्नागिरीच्या माणसाला हे ऐकून जरा चुटपुट लागेल, पण इलाज नाही. त्या आमराया गेल्या आणि गोदी आली. 1774 साली माझगावला जहाजं दुरुस्त करायला एक छोटी सुकी गोदी बांधली गेली. भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढून टाकायचं आणि उघड्या पडलेल्या बुडाची डागडुजी करायची, अशी ही सोय. पुढे पी. अँड ओ. या बड्या आगबोट कंपनीनं तिथं आपलं बस्तान बसवलं. 1934 साली माझगाव डॉक नावाची कंपनी स्थापन झाली, 1960 साली ती भारत सरकारनं घेतली, आणि 1972 साली नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस निलगिरी’ ही युद्धनौका इथंच बांधली गेली.

आता गंमत पाहा. पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकवर काम करणारे खलाशी मोठ्या संख्येनं आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे होते. खाडीकाठच्या गावांतले कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर चढले. सारंग, तांडेल हे शब्द इंग्रजी कप्तानांनाही पाठ झाले. म्हणजे जहाज माझगावला गोदीत लागो की लंडनला, त्याचा दोर कोकणातल्याच कुणाच्या तरी हातात असायचा. हा हात कुठल्या चित्रात दिसतो का, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय.

कॅमेरा येण्यापूर्वी एखादी जागा कशी होती हे कळायचं साधन एकच, तिथं बसून कुणी तरी काढलेलं चित्र. आपल्याकडे असं चार जणांनी मिळून उघड्यावर चित्रं काढण्याचा जुना दाखला सवाई माधवरावांच्या काळातला आहे. पुणे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट, त्याच्या ओळखीचा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स, वेल्सचा मदतनीस रॉबर्ट मेबन आणि पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट. या गंगारामानं वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. ती आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्सनं सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं चित्र रंगवलं हे अनेकांना ठाऊक असतं. पण तो मुंबई बेटावरही हिंडून दृश्यं टिपत होता. साष्टीच्या लेण्यांत काम करताना त्याला ताप आला आणि 1795 साली तो वारला. मुंबई बेट आणि परिसराची त्याची बारा दृश्यं 1800 साली प्रसिद्ध झाली.

अशी दृश्यचित्रं मी छापील रूपात पुष्कळ न्याहाळली आहेत. माड, डोंगर, गलबतं, आकाश, सगळं मन लावून केलेलं. माणसंही असतात, पण बहुधा जागेचा आकार कळावा एवढ्यापुरती. डोक्यावर गाठोडं घेतलेला एक, काठीला टेकलेला एक. त्यांना चेहरा नसतो आणि हातात कामही नसतं. 1857 साली जे. जे. कला शाळा निघाली. 1872 पासून तिथले विद्यार्थी ग्रिफिथ्ससाहेबाबरोबर अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करू लागले, आणि ते काम वर्षानुवर्षं चाललं. ते मोलाचंच. पण शाळेपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर गोदी होती आणि तिथं रोज हजारो माणसं राबत होती. तिकडे फारशा चित्रवह्या वळल्या नाहीत. याचा दोष मी एकट्या कुणाला देत नाही. जुनं ते पाहण्यासारखं आणि कामाची जागा ती घाणेरडी, ही समजूत आपल्या सगळ्यांचीच आहे.

खेडमध्ये आमचा चित्रं काढणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. काही चित्रकला शिक्षक, एक निवृत्त कारकून, काही कॉलेजची मुलं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांत वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं. बाहेर उन्हात बसून समोरचं काढायची सवय त्यातून लागत नाही, ती मुद्दाम लावावी लागते. आम्ही खेडच्या बौद्ध लेण्यांत बसतो, जगबुडीच्या काठी बसतो. 2018 च्या डिसेंबरात ठरलं की माझगावला जायचं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बंदरात कॉकटू नावाचं बेट आहे. तिथं कैद्यांकरवी 1857 पर्यंत सुकी गोदी बांधून घेतली गेली, पुढे जहाजांचा मोठा कारखाना झाला आणि 1990 च्या दशकाच्या आरंभी तो बंद पडला. 2010 पासून ते बेट जागतिक वारशात आहे आणि लोक तिथं जुन्या क्रेनखाली बसून खुशाल चित्रं काढतात. आमच्या माझगावची गोष्ट उलटी आहे. गोदी चालू आहे, युद्धनौका बांधते, म्हणून आत शिरायचं नाव नाही. ते रास्तच आहे. मग बघायचं तर टेकडीवरून.

कोकण रेल्वेनं गेलो आणि हार्बर लाइनच्या डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरलो. स्टेशनाला लागूनच भंडारवाड्याची टेकडी आहे. तिथं पूर्वी माझगावचा किल्ला होता. 1689 साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानानं तो घेतला आणि वर्षभर इंग्रजांना हैराण करून, 1690 साली जाताना उद्ध्वस्त केला. त्या जागी 1884 साली पाण्याची मोठी टाकी झाली. टाकीच्या माथ्यावर बाग आहे, तिला जोसेफ बाप्टिस्टा यांचं नाव आहे. काका बाप्टिस्टा हे याच माझगावच्या माथारपाखाडीतले, टिळकांचे जिवाभावाचे सहकारी, 1925 सालचे मुंबईचे महापौर आणि कामगार चळवळीच्या पहिल्या फळीतले पुढारी. गोदीकडे पाहणाऱ्या बागेला त्यांचंच नाव असावं हे मला फार आवडलं.

बागेच्या पूर्वेच्या कडेला उभं राहिलं की खाली रेल्वे, मग गोदामांची छपरं, मग क्रेनचे सांगाडे आणि पलीकडे पाणी. पहिला अर्धा तास सगळे क्रेनच्या मागे लागले. क्रेन काढायला बरी, सरळ रेघांची. मग हळूहळू एकेकाच्या लक्षात येऊ लागलं की टेकडी जिथं उतरते तिथून पाण्यापर्यंत सगळं एकदम सपाट आहे. रेघ ओढताना हात अडतो तेव्हाच हे कळतं. बेटाचा मूळ काठ टेकडीच्या बराच जवळ असणार. पुढची जमीन माणसानं केलेली. 1873 साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, 1880 साली प्रिन्सेस डॉक उघडला, 1888 साली व्हिक्टोरिया डॉक. शेजारची नवरोजी टेकडी फोडून तिचा दगड-मुरूम भरावाला गेला.

प्रिन्सेस डॉक खणताना कामगारांना चिखलाखाली झाडं सापडली. एकदोन नव्हे, साडेतीनशेहून जास्त. बरीचशी मुळांवर उभीच होती. लाकूड खैराचं असल्याचं ठरलं. म्हणजे कोणे एके काळी तिथली जमीन वर होती, त्यावर रान होतं, मग ती खचली आणि समुद्र आत आला. खैर म्हणजे आपल्या खेड-चिपळूणच्या रानातला खैर, ज्याचा कात निघतो तोच. भरतीच्या पाण्याखाली उभं असलेलं खैराचं रान! हे मी बागेत सांगितलं तेव्हा एका मुलीनं आपल्या चित्रात सपाट जमिनीखाली पेन्सिलीनं फिकट बुंधे उभे केले. समोर जे दिसतं तेच काढायचं, हा आमचा नियम तिनं मोडला. मी काही बोललो नाही.

त्या दोन्ही गोद्या आता नाहीत. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापसाच्या गठ्ठ्यांना आग लागली. शेजारी दारूगोळा होता. स्फोटांत शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते. गोद्या पुन्हा बांधून चालू झाल्या. पण 1989 साली पलीकडे न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, माल पेट्यांतून जाऊ लागला आणि पाठीवरून गोणी वाहण्याचं काम आटत गेलं. पुढे कंटेनर टर्मिनलच्या कामात प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया दोन्ही भरून टाकल्या. समुद्र हटवून केलेली गोदी, आणि गोदी भरून केलेली जमीन.

तिथं काम कसं चालायचं? टोळीवाला सकाळी माणसं निवडायचा. निवड झाली तर त्या दिवसाची मजुरी, नाही तर परत खोलीवर. 1948 साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला आणि मग नोंदणी, हजेरी, पाळी आली. ज्या पी. डिमेलोंच्या नावाचा रस्ता गोदीला समांतर जातो ते या कामगारांचे नेते. टोळीत कोकणातले होते, घाटावरचे होते, दूरदेशचे होते. हे सगळं कागदपत्रांत सापडतं. चित्रात सापडत नाही.

आम्ही काढत बसलो होतो तेव्हा एक वयस्क गृहस्थ काठी टेकत आले आणि मागे उभे राहिले. बोलण्यावरून खाडीपट्ट्यातले वाटले. विचारलं, तर दापोली तालुक्यातले निघाले. गोदीत तीस वर्षं काढलेली. त्यांनी सगळ्यांच्या वह्या सावकाश पाहिल्या.

‘‘क्रेन बरी काढलीस गो,’’ एकीला म्हणाले. ‘‘पन मानसं कुठं हायत?’’

वरून दिसत नाहीत, असं ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

‘‘दिसत नाय तर विचार,’’ ते म्हणाले, आणि कठड्यावर बसून सांगू लागले. गोण उचलायला हूक असायचा. ज्याचा त्याचा स्वतःचा, घरून आणलेला. मूठ लाकडाची, हाताच्या मापाची. दुसऱ्याचा हूक कुणी वापरायचा नाही. तागाच्या गोणीला हूक कुठं लावायचा हे नव्या माणसाला शिकावं लागे, नाही तर गोण फाटते आणि माल सांडतो. साखरेला हूक लावायचाच नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरून एका दमात फेकायची, दम चुकला की कंबर गेली.

कुणी तरी विचारलं, हूक धरायचा कसा? त्यांनी काठी उलटी केली. वाकडी मूठ खाली, दांडा मुठीत आणि आकडा दोन बोटांच्या फटीतून बाहेर. हात थरथरत होता, पण पकड पक्की होती. सगळ्यांनी क्रेनची पानं उलटली. ऊन चढेपर्यंत ते तसा हात धरून बसले, मधे एकदा चहा घेतला तेवढाच. एका मुलाची वही मागून घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, ‘‘अंगठा वर घे. खाली ठेवलास तर पयल्या गोणीलाच मोडंल.’’ त्यानं खोडरबर काढलं.