मॉरीन ओ'हारा : नोंदीचा आग्रह

मॉरीन ओ'हाराच्या (१९२०–२०१५) कारकिर्दीत आम्हांला तिच्या रूपाहून तिचा आग्रह महत्त्वाचा वाटतो. डब्लिनच्या ॲबी थिएटरात घडलेली ही अभिनेत्री १९३९ मध्ये हॉलिवुडच्या पडद्यावर एस्मेराल्डा झाली, १९४१ मध्ये जॉन फोर्डच्या चित्रपटात वेल्श कन्या झाली. कागदावर मात्र तिला दुसरे कोणी व्हायचे नव्हते. १९४६ मध्ये अमेरिकी नागरिकत्व घेताना ब्रिटिश प्रजा ही नोंद नाकारून आपण आयरिश असल्याचे मान्य करवून घेतले, असे ती आत्मचरित्रात (२००४) सांगते. 'द क्वाएट मॅन'मधील (१९५२) मेरी केट भावाने अडवलेल्या हुंड्यासाठी हटून बसते, तो लोभ नव्हे. स्वतःच्या वस्तूंवरचा हक्क आहे. फोर्डचे आयर्लंड स्मरणरंजनात रंगलेले असले, तरी ही मागणी खरी वाटते, ती बहुधा या आग्रहामुळेच.