लाल ठिपका कुठे गेला? विमानांवरची चिन्हं आणि त्यांचा अर्थ

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज प्लॅस्टिकच्या छोट्या विमानांबद्दल काय बोलणार, असा प्रश्न काहींना पडला असेल. तर सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. लढाऊ विमानाच्या मॉडेलच्या खोक्यात एक लहानसा कागद असतो. त्यावर वर्तुळं, आकडे, अक्षरं, पट्टे छापलेले असतात. यांना डेकल म्हणतात. कागदावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर पातळ पारदर्शक पापुद्रा आणि त्या पापुद्र्यावर रंग. कागद पाण्यात भिजवला की डिंक सुटतो आणि चिन्ह अलगद पंखावर सरकवता येतं. डेकल लागेपर्यंत ते नुसतं 'एक हरिकेन' असतं. लागलं की ते अमुक स्क्वॉड्रनचं, अमुक सालचं, अमुक आघाडीवरचं हरिकेन होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सामान्याचं विशेष होतं. म्हणून हा विषय माझा आहे.

ही चिन्हं आली कुठून? भीतीतून. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा जमिनीवरचे सैनिक दिसेल त्या विमानावर गोळ्या झाडत, मग ते आपलं का असेना. ब्रिटिशांनी पंखाखाली युनियन जॅक रंगवला. पण लांबून त्यातला क्रॉस तेवढा दिसायचा, आणि क्रॉस तर जर्मनांचाही होता! फ्रेंचांकडे क्रांतीच्या काळापासूनचं तिरंगी वर्तुळ होतं, मध्ये निळं, बाहेर लाल. ब्रिटिशांनी तेच घेतलं, फक्त रंगांचा क्रम उलटा केला. मध्ये लाल, बाहेर निळा.

आता आपल्याकडे या. भारतीय वायुदल स्थापन झालं ८ ऑक्टोबर १९३२ रोजी, आणि त्याच्या विमानांवर हेच ब्रिटिश वर्तुळ होतं. १९४२ च्या सुरुवातीला आपली पहिली स्क्वॉड्रन लायसँडर विमानं घेऊन ब्रह्मदेशात गेली. समोर जपानी होते. त्यांच्या विमानावर काय? एक मोठा लाल गोळा. हवेत निर्णयाला दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात डोळ्याला लाल दिसलं की बोट घोड्यावर जाणार. म्हणून या आघाडीवरच्या विमानांवरचा लाल ठिपका काढून टाकला. अमेरिकेनेही १९४२ मध्येच आपल्या पांढऱ्या ताऱ्यातला लाल ठिपका पुसला. १९४४ मध्ये हीच स्क्वॉड्रन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळला हरिकेन उडवत होती, तेव्हा वर्तुळात लाल उरलाच नव्हता. तुकडी तीच, दोन वर्षांत चिन्ह वेगळं. इंफाळच्या हरिकेनला कुणी लाल ठिपका लावला, तर मॉडेल कितीही सुबक असो, ते खोटं बोलतं.

इथे मला दिङ्नागाची आठवण होते. या बौद्ध आचार्यांचा अपोहवाद सांगतो, की 'गाय' या शब्दाने गाईचं काही भावरूप तत्त्व हाती लागत नाही. 'जे गाय नाही, ते हे नाही' एवढंच कळतं. ब्रह्मदेशातलं ते वर्तुळ अगदी असंच होतं. ते 'आम्ही कोण' हे सांगत नव्हतं. 'आम्ही जपानी नाही' एवढंच सांगत होतं. आणि आत बसलेल्या भारतीय वैमानिकाला तर 'आम्ही कोण' हे सांगायची सोयच नव्हती. चिन्ह साम्राज्याचं होतं, जीव त्याचा होता.

बरं, चिन्ह असूनही भागत होतं का? जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर एका रात्रीत अमेरिकनांनी आपल्याच माणसांच्या गोळीबारात तेवीस वाहतूक विमानं गमावली. म्हणून जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या आधी दोस्तांच्या विमानांवर घाईघाईने पाच जाड पट्टे ओढले, तीन पांढरे, दोन काळे. आणि गंमत बघा, १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख मॉडेल मागवली, १/७२ प्रमाणात. ती काळी रंगवलेली असत, चिन्हांशिवाय. कारण सैनिकाला विमान आकृतीवरून ओळखायला शिकवायचं होतं; चिन्ह दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आज शौकीन लोक त्याच प्रमाणातल्या मॉडेलवर भिंगातून डेकल लावतात. युद्धात निरुपयोगी ठरणारा तपशील स्मरणात मात्र सर्वांत मोलाचा ठरतो.

शेवटचा मुद्दा अवघड आहे. आपल्या उंबऱ्यावर असतं ते स्वस्तिक. फिनलंडच्या विमानांवर १९१८ पासून निळं स्वस्तिक होतं, म्हणजे नाझी पक्षाने ते घेण्याआधी. एरिक फॉन रोझेन या स्वीडिश सरदाराने भेट दिलेल्या विमानावर ते होतं. पुढे हा रोझेन स्वतःच स्वीडनमधल्या नाझी चळवळीकडे वळला, तेव्हा गोष्ट सरळ नाही. फिनलंडने १९४५ मध्ये विमानांवरचं ते चिन्ह सोडलं. जर्मनीत दंडसंहितेचं कलम ८६अ नाझी चिन्हांच्या प्रदर्शनाला मनाई करतं, शिक्षण-संशोधनाला सूट देऊन. म्हणून कित्येक डेकलच्या कागदांवर स्वस्तिक नसतं, किंवा तुकड्यांत छापलेलं असतं.

माझं मत विचाराल, तर त्या देशाला ती मनाई करण्याचा अधिकार आहे. जखम त्यांची आहे. पण अभ्यासाच्या टेबलावर कोरी शेपटी ठेवणं मला पटत नाही. ज्या विमानाने शहरं जाळली, ते कोणाच्या नावाने जाळली, हे त्याच्यावर लिहिलेलं असायला हवं. आणि फिनिश स्वस्तिक, जर्मन स्वस्तिक, उंबऱ्यावरचं स्वस्तिक यांत फरक करायचा, तर आधी ती दिसली पाहिजेत. पुसलं की फरकही पुसला जातो.

स्वातंत्र्यानंतर आपल्या विमानांवर आधी अशोकचक्र आलं, नंतर केशरी, पांढरं, हिरवं वर्तुळ. आकार पॅरिसहून लंडनमार्गे आलेला, रंग आपले. आता मात्र ते चिन्ह दिङ्नागाच्या पलीकडे जातं. 'आम्ही ते नाही' एवढ्यावर न थांबता 'आम्ही हे आहोत' असं म्हणतं. आणि 'हे' म्हणजे नेमकं काय, ते ठरवण्याची जबाबदारी रंगाऱ्याची नाही, आपली आहे.