आपल्या शाळेचा जिना

आपली शाळा मुळात शाळा म्हणून बांधलेलीच नव्हती, हे या स्मरणिकेत कुणीतरी नोंदवायला हवे. पुण्यात यात नवल नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले तेही मोरोबादादांच्या वाड्यात. आपल्याही वाट्याला असाच एक वाडा आला, आणि वाड्याबरोबर त्याचा जिना.

जुन्या वाड्यांतले जिने बहुधा भिंतीच्या पोटात असत. अरुंद, अंधारे, एका वेळी एकच माणूस जाईल एवढे. जागा कमी लागे हे एक कारण. दुसरे म्हणजे कुणी चाल करून आलाच, तर त्याला एकेकट्याने वर यावे लागे आणि वरची झडप लावली की माडी सुरक्षित. म्हणजे जिना उभा होता तो मुद्दाम. इमारत पाडण्याआधी मी टेप घेऊन गेलो होतो. एका पायरीची उंची ११ इंच, पाऊल टेकायला जागा ८ इंच. चढ ५४ अंशांचा. आजच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे शाळेतली पायरी १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी. आपली २८ होती!

त्याला म्हणायचे काय, यावर आपल्यात एकमत नव्हते. पेठेतली मुले जिना म्हणत, शब्द फारसी. कोकणातून आलेले दोघे-तिघे दादर म्हणत, की लगेच कुणीतरी 'पुढील स्टेशन' ओरडे. वास्तविक दादर म्हणजेही जिनाच, आणि मुंबईतल्या दादरचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. शिपाईमामा मात्र सरळ शिडी म्हणत, आणि मला वाटते तेच बरोबर. जिन्याकडे पाठ करून उतरता येते, शिडीकडे तोंड करून उतरावे लागते. आपण कसे उतरत होतो ते आठवा. पायरी हा शब्द तेवढा घरचा, पायावरून आलेला. सर जिन्यात असले की आपण खाली थांबायचो. 'पायरी ओळखून वागणे' म्हणतात ते तिथे अगदी शब्दशः होते, कारण दोघे मावतच नव्हते.

आठवीचा वर्ग माडीवर. आपल्या वर्गातल्या एका मित्राचा पाय पोलिओने अधू होता. पहिला आठवडाभर त्याला दोघांनी पुढून-मागून धरून वर नेले. सोमवारी बाई आल्या, फळा उतरवायला सांगितला आणि वर्ग खाली ओसरीवर मांडला. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी वह्यांवर उडे, शेजारच्या वर्गाचे पाढे ऐकू येत. बाईंनी वर्ग परत वर नेला नाही. जुने हजेरीपट चाळताना त्या वर्षीचा सापडला. 'इयत्ता ८ वी' पुढे छापलेले 'माडी' खोडून बाईंच्या अक्षरात 'ओसरी' लिहिले आहे.