प्रथम रजोदर्शन
'''प्रथम रजोदर्शन''' म्हणजे मुलीला आयुष्यात पहिल्यांदा येणारी मासिक पाळी होय. ग्रामीण महाराष्ट्रात यास ''न्हाण येणे'' किंवा ''पदर येणे'' असे म्हणतात. ती बहुधा १० ते १५ वर्षे या वयात येते.

== लक्षणे ==
स्तनांची वाढ सुरू झाल्यावर साधारणतः दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. दरम्यान उंची झपाट्याने वाढते, तसेच काखेत व जांघेत केस येतात. पाळीच्या काही महिने आधीपासून योनीतून पांढरा स्राव जाऊ लागतो. काही मुलींचे ओटीपोट किंवा कंबर दुखते. पहिला स्राव नेहमी लाल नसतो. अनेकदा केवळ तपकिरी डाग दिसतो, त्यामुळे तो पाळीचा असल्याचे लक्षात येत नाही. सुरुवातीची एक-दोन वर्षे पाळी अनियमित असू शकते.

== वैद्यकीय सल्ला ==
आठव्या वर्षापूर्वी रक्तस्राव झाल्यास, १५ वर्षांपर्यंत पाळी न आल्यास किंवा रक्तस्राव सात दिवसांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

== सामाजिक संदर्भ ==
पूर्वी विवाहित मुलीस न्हाण आल्यावर मखरात बसवीत व पुढे गर्भाधानविधी करीत. या प्रथेमुळे १८९१ च्या संमतिवय कायद्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. या कायद्याने संमतीचे वय १० वरून १२ वर्षे केले.